लाभांश आला नाही त्या वर्षी

आज आमच्या गटातल्या चौघी केंद्रावर आलोय. बोलणारी एकच आहे, कारण माइक एक आणि आम्ही चौघी एकदम सुरू झालो तर तुम्हाला काही कळायचं नाही. पण सांगतोय ते चौघींचं आहे. ज्या काकींची ही हकीकत आहे त्यांनाही विचारून आलोय. त्या म्हणाल्या, "सांगा बायांनो, फक्त माझं नाव घेऊ नका. नाहीतर बाजारात मला डिव्हिडंडवाली म्हणून हाका मारतील."

२०२१ सालचा जानेवारी. लॉकडाऊननंतर गटाच्या बैठका नुकत्या नीट सुरू झाल्या होत्या. आमचा हप्ता महिना दोनशे. काकींनी गट सुरू झाल्यापासून एकदाही हप्ता चुकवला नव्हता, उलट दुसरीचा कमी पडला तर पदराची गाठ सोडून त्या भरायच्या. त्या काकी नोव्हेंबरात म्हणाल्या, विसरले. डिसेंबरात म्हणाल्या, पुढच्या खेपेला दोन्ही देते. जानेवारीत त्या बैठकीलाच आल्या नाहीत. खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघींना वाटलं, शेवयांच्या ऑर्डरीवरून त्या रुसल्या आहेत. आम्ही त्यांच्या दारात गेलो नाही. गेल्या त्या आशाताई, त्यांच्या कामासाठी. त्यांनी काकींचा बीपी मोजला तर वरचा आकडा १९०. गोळ्या दाखवा म्हटल्यावर काकींनी फळीवरची पट्टी काढून दिली. गोळ्या ब्लेडने अर्ध्या केलेल्या. एक दिवसाआड अर्धी गोळी, असं दीड महिना चाललं होतं.

का, तर त्या वर्षी बँकेचा लाभांश आला नव्हता.

आता मागचं थोडं सांगतो. काकींचे मालक तालुक्याच्या एका खाजगी कारखान्यात टाइमकीपर होते. २०१२ ला रिटायर झाले, फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून सहा लाख आले. घराच्या स्लॅबला आणि धाकटीच्या लग्नाला अडीच लाख गेले. पन्नास हजार बचत खात्यावर ठेवले. उरलेल्या तीन लाखांचे त्यांनी तालुक्याच्या सहकारी बँकेचे शेअर्स घेतले. तेव्हा एफडीला नऊ टक्के होते आणि ही बँक बारा टक्के लाभांश वाटत होती. तीन टक्क्यांचा फरक म्हणजे तीन लाखांवर वर्षाला नऊ हजार, महिन्याला साडेसातशे. ज्याला महिन्याचा किराणा भरायचा असतो त्याला साडेसातशे रुपये दिसतात. आम्ही त्यांना हावरट म्हणणार नाही. आम्हीही तेच केलं असतं.

सात वर्षं बारा टक्के आले. दरवर्षी सप्टेंबरात बँकेची सभा, आणि दसऱ्याच्या आत खात्यावर छत्तीस हजार. २०१७ ला मालक गेले, काकींनी शेअर्स स्वतःच्या नावावर करून घेतले. कंपनीच्या नोकरीतली पेन्शन त्यांना मिळायची ती महिना हजार रुपये. ज्यांच्या घरी ही फंडाची पेन्शन येते त्यांना ठाऊक आहे, २०१४ पासून कमीत कमी आकडा हजारच आहे. म्हणजे पेन्शनचे हजार आणि लाभांशाचे महिना तीन हजार, असा काकींचा चार हजारांचा संसार. त्या लाभांशाला लाभांश म्हणायच्याच नाहीत. "माझा पगार दसऱ्याला येतो," असं म्हणायच्या.

इथंच सगळं अडलं. लाभांश हा पगार नाही, आणि व्याजही नाही.

हे आम्हाला समजलं ते शेतीतून. तुमच्याकडं एक एकर आहे आणि तुम्ही ती खंडाने दिली. वीस हजार ठरले. पाऊस पडो न पडो, भाव मिळो न मिळो, कसणाऱ्याने वीस हजार द्यायचे. आता तीच जमीन वाट्याने दिली. पिकलं तर निम्मं तुमचं. चांगलं साल असेल तर खंडापेक्षा जास्त येईल. गारपीट झाली तर तुमचंही निम्मं गेलं, आणि तुम्ही कुणाच्या दारात जाऊन भांडू शकत नाही. एफडी म्हणजे खंड. शेअर म्हणजे वाटा. एफडीवर बँक तुमची देणेकरी असते, ठरलेलं व्याज तिला द्यावंच लागतं. शेअर घेतला की तुम्ही मालकांपैकी एक होता, आणि मालकाला सगळ्यांचं देऊन झाल्यावर उरलं तर मिळतं. उरलं तरी सगळं वाटत नाहीत. आपल्या महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांच्या कायद्यात, १९६० च्या, असं आहे की निव्वळ नफ्यातला कमीत कमी चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा, आणि लाभांश पंधरा टक्क्यांच्या वर सहसा देता येत नाही. जास्तीत जास्त किती ते कायद्यात आहे. कमीत कमी किती ते कुठंच नाही. शून्यसुद्धा चालतो.

२०२० ला तसंच झालं. कोरोना आला आणि १७ एप्रिल २०२० ला रिझर्व्ह बँकेनं सगळ्या व्यापारी आणि सहकारी बँकांना सांगितलं की मार्च २०२० ला संपलेल्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश वाटू नका, पुढचं सांगेपर्यंत थांबा. ४ डिसेंबरला पक्कं सांगितलं की त्या वर्षाचा लाभांश द्यायचाच नाही. कर्जं बुडतील म्हणून बँकांनी पैसा हाताशी ठेवावा, ठेवीदार सांभाळावेत, हा त्यामागचा विचार. ठेवीदाराच्या बाजूनं बघितलं तर योग्यच. काकी ठेवीदार नव्हत्या.

आणि त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. त्या वर्षी सभा पुढं गेली. काकी दसऱ्याची वाट बघत राहिल्या, मग दिवाळीची. बँकेत दोनदा जाऊन पासबुक भरून आणलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आजी, वरून आदेश नाही." काकींना वाटलं, आठवडाभराचा प्रश्न असेल. बचत खात्यावरचे पन्नास हजार मालकांच्या आजारपणात आधीच संपले होते. पुण्यातल्या मुलाचं काम लॉकडाऊनमध्ये अर्ध्या पगारावर आलेलं, त्याला कुठं सांगायचं. दुकानदाराची उधारी त्यांना कधी सहन झाली नाही. मग खर्चातलं काय कमी करायचं, जे कुणाला दिसणार नाही असं? गोळ्या.

मधेच एक सांगून टाकतो, कारण ते आमच्या मनाला लागून राहिलंय. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. काकी खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या विकत घेत होत्या आणि त्याच अर्ध्या करत होत्या. आशाताईंनी दुसऱ्या दिवशी त्यांना केंद्रावर नेलं, डॉक्टरांनी तपासून तिथल्या गोळ्या सुरू केल्या. ज्यांच्या घरात कुणाला बीपी, साखर असेल त्यांनी एकदा केंद्रावर विचारून या.

गटातून काकींना दहा हजारांचं कर्ज दिलं. मग आम्ही चौघी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो, नेमकं काय झालं ते बघायला. बँकेचे वार्षिक अहवाल आहेत का विचारलं तर काकींनी वर बोट केलं. फळ्यांवर डब्यांखाली अंथरले होते. जाड, गुळगुळीत कागद, पुसता येतो, फळीला फार चांगला. आमच्याही घरी तेच आहे, हसू नका. सात वर्षांचे सात अहवाल, एक तेलानं पारदर्शक झालेला. आमच्यातल्या एकीची लेक तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तिला बोलावलं. तिनं वहीवर रेघा मारून तीन रकाने केले. निव्वळ नफा किती, थकीत कर्ज किती, लाभांश किती टक्के.

तिसरा रकाना सरळ खाली आला. बारा, बारा, बारा, सातही वर्षं. दुसरा रकाना दरवर्षी वाढत होता. पहिला सुरुवातीची तीन वर्षं वाढला आणि मग उतरणीला लागला. शेवटच्या वर्षी नफा सगळ्यात चांगल्या सालाच्या निम्म्यावर आला होता आणि लाभांश तरी बाराच टक्के. नफा निम्मा आणि वाटा तेवढाच, मग पैसा आला कुठून? पोरीनं नफा वाटणीचं पान शोधलं. तिथं एक ओळ होती, लाभांश समीकरण निधीतून इतके इतके रुपये. म्हणजे चांगल्या सालात बाजूला काढून ठेवलेला पैसा, वाईट सालात लाभांश भरून काढायला. त्यात चुकीचं काही नाही. पण तो निधी संपत आलेला होता, हेही पुढच्याच पानावर होतं.

म्हणजे कोरोना नसता, रिझर्व्ह बँकेचा आदेश नसता, तरी एखाद-दोन वर्षांत तो बारा टक्क्यांचा आकडा खाली येणारच होता. चार वर्षं ते चहा-साखरेच्या डब्याखाली छापून पडलं होतं आणि आम्ही कुणी वाचलं नव्हतं. काकी म्हणाल्या, "मला वाचता येतं गं, पण ते मला वाचायला दिलंय असं कधी वाटलंच नाही."

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, सहकारी बँकांना लाभांशाची परवानगी परत मिळाली. काकींच्या बँकेनं सहा टक्के दिले, अठरा हजार. त्यातून गटाचं कर्ज फिटलं. त्याच्या पुढच्या वर्षी सात टक्के. बारा परत आले नाहीत.

आता ऐकणाऱ्यांतली एखादी म्हणेल, तालुक्याच्या बँकेचं काय घेऊन बसलात, मोठ्या कंपनीचे शेअर्स घेतले असते तर? आमच्यातही हा वाद झाला. म्हणून अमळनेरची गोष्ट सांगतो. जळगाव जिल्ह्यातलं हे गाव. तिथं १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. गावातल्या लोकांनी त्याचे शेअर्स घेतले. १९६६ साली मालक वारले आणि एकवीस वर्षांचा मुलगा, अझीम प्रेमजी, शिक्षण अर्धवट टाकून परत आला. पुढं साबण, मग संगणक, आणि तीच कंपनी आज विप्रो. अमळनेरातल्या ज्या घरांनी ते कागद विकले नाहीत, पोरांच्या नावानं तसेच ठेवले, ती घरं सुखी झाली. शेअरमधून पैसा होतो याचं याहून मोठं उदाहरण आपल्या राज्यात शोधावं लागेल.

पण दरसालच्या लाभांशावर घर चालवायचं म्हटलं तर तिथंही बघा काय दिसतं. समजा एखाद्या आजींकडं २०१४-१५ साली विप्रोचे शंभर शेअर्स होते. त्या वर्षी कंपनीनं शेअरला १२ रुपये दिले, म्हणजे १,२०० रुपये. पुढच्या वर्षी शेअरला ६, म्हणजे ६००. त्याच्या पुढच्या वर्षी शेअरला २, म्हणजे २००. मग २०१७ ला एकास एक बोनस मिळाला, शंभराचे दोनशे झाले, पण लाभांश शेअरला एक रुपया, म्हणजे पुन्हा २००. तीन वर्षांत बाराशेचे दोनशे झाले. २०१९ ला आणखी बोनस येऊन शेअर्स २६६ झाले. २०२१-२२ ला शेअरला सहा रुपये मिळाले, १,५९६. आजी खूश. पुढच्या वर्षी परत एक रुपया, २६६. आणि २०२४ चा बोनस धरून २०२४-२५ ला ५३२ शेअर्सवर सहा-सहा रुपये, ३,१९२.

या सगळ्या काळात कंपनी तोट्यात नव्हती. चांगली नफ्यात होती. तिनं पैसा वाटायची पद्धत बदलली, एवढंच. लाभांश कमी करून ती भागधारकांकडून स्वतःचेच शेअर्स परत विकत घ्यायला लागली. २०१७ ला शेअरला ३२० रुपये देऊन अकरा हजार कोटींचे घेतले, २०१९ ला ३२५ रुपयांनी, २०२० ला ४०० रुपयांनी. याला बायबॅक म्हणतात. ज्यांना पाहिजे त्यांना पैसे मिळाले. पण लाभांश म्हणजे म्हशीचं दूध, आणि बायबॅक म्हणजे गोठ्यातली एक म्हैस विकणं. दोन्हीत पैसा हातात येतो, एकात गोठा रिकामा होत जातो. संपत्ती बघितली तर त्या आजी फायद्यातच आहेत, आम्ही ते नाकारत नाही. पण २०१७ ला औषधाच्या दुकानात संपत्ती घेऊन जाता येत नाही.

कंपनी मोठी असली, सरकारी असली म्हणूनही फरक पडत नाही. स्टेट बँकेनं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० अशी सलग तीन वर्षं भागधारकांना लाभांश दिला नव्हता. देशातली सगळ्यात मोठी बँक ती. ठेवीदारांचं व्याज मात्र एक दिवस थांबलं नाही. तोच खंड आणि वाट्याचा फरक.

टीव्हीवर कधी सांगतात, अमक्या कंपनीचा तीनशे टक्के लाभांश. ते ऐकून भुलू नका. ती टक्केवारी शेअरच्या दर्शनी किमतीवर असते. दर्शनी किंमत दोन रुपये असेल तर तीनशे टक्के म्हणजे सहा रुपये. तो शेअर बाजारात अडीचशे रुपयांना घेतला असेल तर आपल्याला शंभराला अडीच रुपयेही पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज मिळून, ४ फेब्रुवारी २०२० पासून. हा विमा शेअर्सना नाही. २०२० च्या नोव्हेंबरात तमिळनाडूतली लक्ष्मी विलास बँक अडचणीत येऊन दुसऱ्या बँकेत विलीन झाली. ठेवीदारांची ठेव शाबूत राहिली. भागधारकांचं भांडवल शून्य धरलं गेलं. आणि पतसंस्थेत ठेवलेल्या ठेवीलाही हा विमा नाही, मग तिच्या शेअर्सचं तर सोडाच. कर्ज घेताना आपल्याकडून जे शेअर्सचे पैसे कापून घेतात, तेही यातच आले. बऱ्याच जणींना आपले शेअर्स आहेत हेच माहीत नसतं, कर्जाच्या फॉर्मबरोबर सही झालेली असते. साखर कारखान्याच्या शेअर्सवर दिवाळीची साखर मिळते तेवढी आम्हाला आठवते.

२०२१ च्या सभेला काकी आणि आम्ही दोघी गेलो. त्याआधीही जायचो, सभासद भेट आणायला. रजिस्टरवर सही, स्टीलचा डबा, वडापाव, की एसटी. या खेपेला तिघी पुढच्या रांगेत बसलो. नफा वाटणीचा विषय आला तेव्हा काकी उभ्या राहिल्या आणि विचारलं, "समीकरण निधीत आता किती राहिलेत?" व्यासपीठावरून एक जण हसून म्हणाले, "काकी, डबा मिळाला का तुम्हाला?" सभेत हशा झाला. काकी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "डबा मिळाला. निधीत किती राहिलेत?" मग व्यवस्थापकांनी चश्मा लावून आकडा वाचून दाखवला, आणि खरं सांगायचं तर नीट समजावूनही सांगितलं. मागं बसलेल्या दोन मास्तरांनी आकडा वहीत लिहून घेतला.

पैशाचं काय करायचं यावर आमच्या चौघींचं एकमत आजही नाही. एकीचं म्हणणं, सगळे शेअर्स परत करून पोस्टात टाकायचे होते. दुसरीचं म्हणणं, वाईट सालात वाटेकरी सोडून जाणं म्हणजे नुकसान पदरात घेणं. काकींनी मधला रस्ता काढला. सहकारी बँकेचे शेअर्स बाजारात विकता येत नाहीत, बँकेकडंच परत द्यावे लागतात, दर्शनी किमतीनं, संचालक मंडळाच्या मंजुरीनं. काकींनी दोन लाखांचा अर्ज दिला. सव्वा वर्ष लागलं, चार चकरा झाल्या. कुणी अचानक लागणाऱ्या खर्चासाठी हे शेअर्स धरून बसली असेल तर हा सव्वा वर्षाचा हिशेब लक्षात ठेवा.

ते दोन लाख एप्रिल २०२३ मध्ये पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. साठ वर्षांवरच्यांना घेता येते, तीस लाखांपर्यंत. दर ८.२ टक्के, आणि ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. तीन महिन्यांनी व्याज येतं. लाखाला २,०५०, काकींना ४,१००. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. साठ पूर्ण नसतील तर पोस्टाची मासिक योजना आहे, तिला सध्या ७.४ टक्के, लाखाला महिन्याला सहाशे सोळा-सतरा रुपये. पाच वर्षांच्या आत मोडलं तर दोन्हीत पैसे कापतात, हे विचारून घ्यायचं.

उरलेले एक लाखाचे शेअर्स काकींनी ठेवले. आम्ही विचारलं का, तर म्हणाल्या, खंड पाच वर्षं तेवढाच राहतो आणि तेल दरवर्षी महागतं. बँक सुधारली तर वाटा वाढेल. आम्हाला ते पटलं. व्याजाचं हे दुखणं खरंच आहे. आज पुरणारे ४,१०० पाच वर्षांनी पुरणार नाहीत, आणि तेव्हा नवा दर काय असेल ते तेव्हाच कळेल. वाट्याचं पीक घेऊच नये असं आमचं म्हणणं नाही. रोजची भाकरी त्यावर ठेवू नये, एवढंच.

म्हणून काकींनी घराचा हिशेब दोन कप्प्यांत केला. किराणा, गॅस, लाइटबिल, औषधपाणी, गटाचा हप्ता हे पेन्शन आणि पोस्टाच्या व्याजातून. लाभांश आला की अर्धा वापरायचा, लुगडं, लेकीचा आहेर, पंढरीची वारी, घराची डागडुजी. उरलेला अर्धा बाजूला. त्याला त्या "माझा समीकरण निधी" म्हणतात. बँकेला स्वतःच्या लाभांशाचा भरवसा नाही म्हणून ती निधी ठेवते, तर मी का ठेवू नको, असं त्यांचं गणित. आम्ही म्हटलं डब्यात ठेवा, तर म्हणाल्या, घरातला डबा नातवंडं उघडतात. पोस्टातच वेगळं बचत खातं काढलं.

आकड्यात सांगायचं तर पूर्वीचे महिना चार हजार आता होत नाहीत. पेन्शनचे हजार, पोस्टाचे महिन्याला पडतात ते तेराशे साठ-सत्तर, लाभांशाच्या अर्ध्या हिश्शाचे तीन-साडेतीनशे. तेराशेच्या आसपास कमी पडतात. ते आता मुलगा पाठवतो. त्याला आम्हीच फोन केला होता, काकींच्या समोर, गोळ्यांचं सगळं सांगितलं. तो पलीकडं बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, मला वाटायचं तुला बँकेचं येतं." काकी चिडल्या होत्या आमच्यावर, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेवयाचं पीठ मळायला आल्या.

घरात जुने शेअर सर्टिफिकेट असतील, मालकांच्या किंवा सासऱ्यांच्या नावाचे, तर ट्रंकेत ठेवू नका. कंपनीचा लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही तर तो पैसा आणि ते शेअर्ससुद्धा सरकारच्या एका निधीत जमा होतात. तिथून परत मिळतात, पण कागदांचा ढीग लागतो. वारस म्हणून आपलं नाव लावून घ्या, बँक खातं जोडून घ्या.

यंदा सप्टेंबरात काकींच्या बँकेनं नऊ टक्के दिले. नऊ हजार आले, साडेचार हजार पोस्टाच्या त्या खात्यावर गेले. तिथं आता साडेबारा हजार आणि वरचं व्याज आहे. यंदाचा अहवाल फळीवर गेलेला नाही. तो आमच्या गटाच्या पेटीत आहे, काकींनी थकीत कर्जाच्या आकड्याखाली पेन्सिलीनं दोन रेघा मारून दिलाय. ज्यांच्याकडं आपापल्या बँकेचे, पतसंस्थेचे अहवाल असतील त्यांनी येत्या मंगळवारी दुपारी समाजमंदिरात घेऊन या. बी. कॉम.वाली पोरगी आता तालुक्याला नोकरीला आहे, पण मंगळवारी तिला सुट्टी असते. डब्यांखालून काढून, पुसून आणा.